मागच्या ब्रेकचा लाइट आणि त्याचा स्विच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर अशा रोजच्या वापरातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. या गाड्यांत उजव्या पायाच्या ब्रेक पेडलला एक स्प्रिंग अडकवलेली असते. पेडल खाली गेलं की ती स्प्रिंग स्विचची दांडी ओढते, आतले दोन पॉइंट जुळतात आणि मागचा लाइट लागतो. यंत्र इतकंच आहे. तरीही हा लाइट महिनोन्महिने बंद असतो आणि गाडीवाल्याला पत्ता नसतो, कारण तो त्याला स्वतःला कधी दिसतच नाही.

हाताचा ब्रेक दाबला की लाइट लागतो, पायाचा दाबला की लागत नाही. म्हणजे स्विच गेला ना?

बहुधा हो, पण लगेच दुकानात पळू नका. या एका लक्षणावरून बराच उलगडा होतो. पुढचा आणि मागचा स्विच एकाच बल्बला समांतर जोडलेले असतात. हाताच्या ब्रेकने लाइट लागतोय, म्हणजे बल्ब, फ्यूज, बॅटरी, मागचं अर्थिंग सगळं ठीक आहे. आता संशयित चारच उरले: मागचा स्विच, त्याची स्प्रिंग, त्याच्या दोन वायर आणि त्याचं ऍडजस्टमेंट.

यातली स्प्रिंग सगळ्यात आधी बघा. खाली वाकून, फूटरेस्टच्या मागे. ती निसटून लोंबत असते किंवा गंजून तुटलेली असते, आणि लोक मात्र स्विच बदलून मोकळे होतात. स्प्रिंग जागेवर असेल तर ती बोटाने खाली ओढा (इग्निशन चालू ठेवून). बोटाने ओढल्यावर लाइट लागला, तर स्विच चांगला आहे, फक्त ऍडजस्टमेंट उतरलंय.

कुठल्याच ब्रेकने लागत नाही तेव्हा?

तेव्हा स्विचला हात लावू नका. दोन्ही स्विच एकाच दिवशी जाणं फार क्वचित घडतं. आधी हॉर्न आणि इंडिकेटर बघा. तेही मेले असतील तर फ्यूज किंवा बॅटरी. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या भागावर) चालतो आणि हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट बॅटरीवर. त्यामुळे किक मारून गाडी सुरू होते, हेडलाइट झकास पडतो आणि तरीही बॅटरी संपलेली असल्यामुळे ब्रेक लाइट लागत नाही, असं होऊ शकतं.

हॉर्न-इंडिकेटर नीट असतील तर बल्ब काढा. सर्वसाधारण बल्ब १२ व्होल्ट, ५/२१ वॅटचा असतो. त्यात दोन तारा: ५ वॅटची टेल लाइटची, २१ वॅटची ब्रेकची. टेल लाइट जळतोय म्हणून बल्ब चांगला, हा निष्कर्ष चूक. मोठी तार तुटलेली असली तरी लहान तार जळत राहते. बल्बच्या दोन बाजूंच्या पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. उलटा घालून जोर लावला तर होल्डर तुटतो. होल्डरच्या तळाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर पॉलिश पेपरने खरवडून काढा.

मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं यंत्र) नसेल तर स्विच कसा तपासायचा?

स्विचकडून वर जाणाऱ्या दोन वायर साइड कव्हरखाली किंवा टाकीच्या मागच्या टोकाशी कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लास्टिकच्या खटक्याच्या प्लगमध्ये) किंवा दोन पिनांमध्ये गाडीच्या वायरिंगला मिळतात. तो जोड सोडवा. इग्निशन चालू करा आणि गाडीकडच्या दोन टोकांमध्ये वायरचा लहान तुकडा लावा. लाइट लागला तर पुढचं सगळं वायरिंग नीट आहे आणि दोष स्विचचाच. स्विच पण हेच करतो, दोन टोकं जोडतो, त्यामुळे यात धोका नाही. पण त्या दोनच वायर हव्यात, आणि तुकड्याचं टोक चासीला लागू द्यायचं नाही. लागलं की फ्यूज उडाला म्हणून समजा.

मीटर असेल तर आणखी सोपं. कंटिन्यूइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून स्विचकडच्या दोन वायरना टोकं लावायची आणि पेडल दाबायचं. दाबल्यावर आवाज आला, सोडल्यावर थांबला, तर स्विच चांगला. पेडल दाबूनही आवाज नाही, तर गेला. आवाज अडखळत येत असेल तर तोही गेलाच समजा, पुढच्या पावसात पुरता बंद पडेल.

हा स्विच इतक्या लवकर का खराब होतो?

त्याची जागा बघा म्हणजे कळेल. मागच्या चाकाचा चिखल थेट त्याच्यावर, खाली सायलेन्सरची धग, वरून पावसाचं पाणी. सर्व्हिसिंगला प्रेशरने पाणी मारतात ते नेमकं याच कोपऱ्यात, कारण चिखल तिथेच साचलेला असतो. दांडीच्या रबरी टोपीला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि पितळी पॉइंट हिरवे पडतात. कोकणात आणि गोव्यात खारी हवा त्यात भर घालते, तिथे स्विचच्या आधी स्प्रिंग गंजून जाते.

दुसरं कारण विजेचं. २१ वॅटची तार १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खेचते. शहरात दिवसभरात किती वेळा पेडलवर पाय जातो ते मोजायला नको. दर वेळी पॉइंट जुळताना-सुटताना बारीक ठिणगी पडते आणि काजळी धरते. होल्डरमध्ये दुकानातला जास्त वॅटचा 'पॉवरवाला' बल्ब घातला असेल तर स्विचही लवकर जातो आणि लाइटची प्लास्टिकची काचही वितळते.

डब्ल्यूडी-४० (गंज-चिखल सोडवायचा स्प्रे) मारून चालेल का? की बदलावाच लागेल?

दांडी चिखलाने अडकली असेल तर फवारून, दहा-बारा वेळा वरखाली करून ती मोकळी होते, आणि त्या दिवसापुरतं काम भागतं. प्रवासात असाल तर जरूर करा. पण पॉइंट जळलेले असतील तर फवाऱ्याने ते परत येत नाहीत. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मात्र दांडीवर चोपडू नका, त्याला धूळ चिकटून आठवडाभरात पेस्ट तयार होते.

स्विच उघडून पॉइंट घासण्याचा उद्योग काही जण हौसेने करतात. होतंही. पण बॉडी प्लास्टिकची आणि दाबून बंद केलेली असते, एकदा उचकटली की पाणी अडवायची तिची ताकद जाते. साध्या गाड्यांचा स्विच सहसा दोनशे रुपयांच्या आत मिळतो. तेवढ्यासाठी हा खटाटोप मला पटत नाही.

कुठला स्विच आणायचा?

जुना काढून बरोबर घेऊन जा. दुकानदाराला 'स्प्लेंडरचा मागचा ब्रेक स्विच' म्हटलं तरी तो देईल, पण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कपलर बदललेले असतात. चार गोष्टी जुळवून बघायच्या: बॉडीच्या आट्यांची जाडी, वायरची लांबी, कपलरचा आकार आणि दांडीच्या टोकाचं भोक किंवा हूक. नवीन स्प्रिंग सोबत येत नसेल तर वेगळी मागून घ्या. जुनी ताणलेली स्प्रिंग नव्या स्विचला लावली की ऍडजस्टमेंट कधीच मनासारखं बसत नाही.

कंपनीचा घ्यावा की लोकल? या बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा. लोकल स्विचचा बहुतेक वेळा स्विच म्हणून दोष नसतो, त्याची वायर आखूड आणि बारीक असते, आणि तीच पुढे तुटते.

बदलायची पद्धत नीट सांगाल का?

सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. या प्रकारच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडेच असतो आणि हात बरोबर त्याच्या वरून जातो, म्हणून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. घाईत मनगट भाजून घेणारे पुष्कळ. इग्निशन बंद, चावी खिशात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली तर उत्तम. हा जोड फ्यूजच्या पुढे असल्यामुळे नाही सोडवली तर फार तर फ्यूज उडेल.

आधी तो सगळा कोपरा जुन्या ब्रशने आणि रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा. चिखलात काम केलं की नट दिसत नाही आणि मातीचे खडे नव्या स्विचमध्ये जातात. मग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायर कुठून वर गेली आहे, कुठल्या क्लिपमध्ये आहे, स्प्रिंगचा हूक कुठल्या बाजूने अडकवला आहे, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. नंतर आठवत नाही.

आता नोज प्लायरने स्प्रिंगचा खालचा हूक पेडलच्या दांडीतून काढा. चेहरा लांब ठेवा, ती उडते. वरचा कपलर सोडवा. कपलरला खटका असतो, तो दाबून ओढायचा. वायरला धरून ओढलं तर पिन आतून निघून येते. वायर क्लिपांमधून मोकळी करत खाली आणा.

राहिला स्विच. तो चासीच्या एका लहान पट्टीच्या भोकात बसलेला असतो आणि त्याच्यावर प्लास्टिकचा षटकोनी नट असतो. काही गाड्यांत हा नटच भोकात खटकन बसतो, काहींत पट्टीच्या वर आणि खाली असे दोन नट असतात. इथे एकच नियम पाळायचा: बॉडी एका हाताने धरून ठेवायची आणि नट फिरवायचा. बॉडी फिरवली की वायर पिळवटतात आणि स्विचच्या तोंडाशी आतून तुटतात, वरून मात्र धडधाकट दिसतात. नवा बसवतानाही हेच. नट जुना, उन्हाने कडक झालेला असेल तर तो पान्याच्या पहिल्या हिसक्यालाच फुटतो. हाताने फिरला तर पाना लावूच नका.

नवा स्विच जुन्याइतक्याच उंचीवर ठेवा. वायर फोटोत होती तशीच वर न्या. सायलेन्सरला, चेनला किंवा स्विंग आर्मला लागणार नाही याची खात्री करा. स्प्रिंग अडकवायला प्लायर पोचत नसेल तर हुकात सुतळीचा फास घाला, ओढा, हूक भोकात गेला की सुतळी कापून काढा. कपलर जोडण्याआधी पिनांना बोटभर व्हॅसलीन लावलं तर पावसाळा बरा जातो.

ऍडजस्टमेंट कुठे ठेवायचं? लाइट नेमका कधी लागला पाहिजे?

या कामातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी गोष्ट हीच. नवा स्विच बसवून, लाइट लागतोय बघून लोक हात पुसतात. लाइट लागणं पुरेसं नाही. तो ब्रेक धरायच्या जरा आधी लागला पाहिजे.

पेडलला थोडा मोकळा खेळ असतो. ड्रम ब्रेकच्या बहुतेक प्रवासी गाड्यांत पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. हा खेळ संपत येताना, ब्रेकचे शू (ड्रमच्या आत घासून चाक थांबवणारे भाग) ड्रमला टेकायच्या क्षणापूर्वी लाइट यायला हवा. मागच्याला इशारा मिळतो, मग तुमची गाडी मंदावते. लाइट उशिरा येत असेल तर तुम्ही हलका ब्रेक मारता तेव्हा मागच्याला काहीच दिसत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये आपण नव्वद टक्के वेळा हलकाच ब्रेक मारतो.

स्विचची बॉडी वर उचलली की स्प्रिंग आधीच ताणली जाते आणि लाइट लवकर येतो. खाली आणली की उशिरा. नट अर्धा फेरा फिरवा, पेडल हाताने दाबून बघा, पुन्हा अर्धा. पायाने दाबू नका, पायाला तो फरक कळत नाही. शेवटी पेडल सोडून लाइट पूर्ण विझतो का ते बघा आणि गाडी हलवून, खड्ड्यात आपटल्यासारखा सीटवर दाब देऊन पुन्हा बघा. नुसत्या धक्क्याने लाइट लुकलुकत असेल तर फार वर गेलाय.

ब्रेक टाइट करून आणला आणि लाइट बिघडला. मेकॅनिकने काय केलं?

काही नाही, फक्त अर्धं काम केलं. शू झिजत जातात तसा पेडलचा खेळ वाढतो. मागच्या चाकाशी असलेला ब्रेकचा नट आवळला की खेळ कमी होतो, ब्रेक लवकर धरतो. स्विच मात्र जुन्याच उंचीवर राहतो. आता पेडल स्विचपर्यंत पोचायच्या आधीच ब्रेक धरलेला असतो, आणि लाइट उशिरा येतो किंवा येतच नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी ब्रेक, मग स्विच. ब्रेक टाइट केल्यावर दर वेळी स्विचकडे बघायचं.

लाइट सतत लागलेलाच राहतो. इग्निशन चालू केलं की चालू.

पेडल पूर्ण वर येतंय का ते आधी बघा. पेडलच्या बिजागरीत चिखल आणि गंज भरला की ते अर्धवट खाली राहतं. तसं असेल तर लाइटपेक्षा मोठी अडचण आहे: ब्रेक थोडा धरलेलाच राहतोय, ड्रम तापतोय, ऍव्हरेज पडतंय. पेडल काढून, पुसून, ग्रीस भरून बसवायचं.

पेडल ठीक असेल तर मागच्या स्विचचा कपलर सोडवा. लाइट विझला तर तोच स्विच अडकलाय किंवा फार वर बसवलाय. विझला नाही तर हाताच्या लिव्हरखालचा पुढचा स्विच बघा, बारीक धूळ जाऊन तो दाबलेलाच राहतो.

सतत लागलेला लाइट बंद लाइटइतकाच वाईट आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन सुरू असताना हेडलाइट आपोआप चालू राहतो, आणि त्याच्याबरोबर टेल लाइटही बहुधा दिवसभर जळतो. मागच्याला फरक दिसतो तो फक्त मंद लाल आणि प्रखर लाल यांच्यातला. तोही पुसला गेला तर मागच्याने ओळखायचं कशावरून?

ब्रेक दाबला की फ्यूज उडतो.

मग स्विचच्या पुढची, म्हणजे स्विच ते टेल लाइट ही वायर कुठेतरी चासीला लागतेय. नेहमीच्या जागा दोन: सीटखाली वायरिंग वळतं तिथे आणि मागच्या मडगार्डमधून टेल लाइटकडे जाणाऱ्या भोकात. मागे कॅरिअर किंवा सॅडल बॅगची पट्टी बसवताना बोल्टखाली चेपलेली वायरही मी पाहिली आहे. इग्निशन चालू करताक्षणी फ्यूज उडत असेल, तर दोष स्विचच्या अलीकडे आहे.

जास्त अँपिअरचा फ्यूज घालून किंवा चंदेरी कागद गुंडाळून प्रश्न सुटत नाही, वायरिंग जळतं.

वायरचे रंग कसे ओळखायचे?

हिरो आणि होंडाच्या गाड्यांत साधारणपणे काळी वायर इग्निशनकडून येणारा करंट आणते आणि हिरवी-पिवळी पट्टेदार वायर तो टेल लाइटकडे नेते. निव्वळ हिरवी अर्थिंगची असते, तिला या स्विचशी कर्तव्य नाही. बाकी कंपन्यांचे रंग वेगळे. आणि आधी कुणी जॉइंट मारले असतील तर रंगावर विश्वासच ठेवू नका, मीटर लावा. स्विचच्या दोन वायर आपसात उलटसुलट झाल्या तरी काही बिघडत नाही.

कपलर जुळला नाही म्हणून कापून जोडायची वेळ आली, तर नुसतं पिळून टेप गुंडाळू नका. डाग द्या (सोल्डर करा) आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. दोन जॉइंट एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून एक वायर थोडी आखूड कापायची.

मागे डिस्क ब्रेक आहे. पद्धत तीच?

आपल्याकडच्या बऱ्याच मागच्या-डिस्कवाल्या गाड्यांत स्प्रिंगचाच स्विच असतो, पद्धत तीच. पण काही गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो, ऑइलच्या लाइनमध्येच बोल्टसारखा बसवलेला. त्याला ना स्प्रिंग ना ऍडजस्टमेंट. तो काढला की ऑइल सांडतं, हवा आत शिरते आणि ब्रेक मऊ पडतो. ब्लीडिंग (ऑइलच्या लाइनमधली हवा काढणं) येत असेल तरच हात घाला, नाहीतर गॅरेजला द्या. सांडलेलं ब्रेक ऑइल रंगाची साल काढतं, लगेच पाण्याने धुवा.

कॉम्बी ब्रेकच्या गाडीत काही वेगळं?

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नाहीतर कॉम्बी ब्रेक बंधनकारक झाला. कॉम्बीमध्ये पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा धरतो, त्यामुळे पेडलजवळ एक जादा केबल आणि जोडणी दिसते. स्विच बदलताना तिच्या नटांना हात लावू नका. स्विचपुरतं काम घरी, ब्रेकच्या समतोलाचं काम सर्व्हिस सेंटरला.

पोलीस यासाठी दंड करतात का?

करू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये सर्वसाधारण नियमभंगासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पीयूसी काढताना मात्र फक्त धूर बघतात, म्हणून पीयूसी मिळालं म्हणजे गाडी ठाकठीक असं धरू नका. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीला आरटीओत नेण्याआधी सगळे लाइट बघून घ्या.

जुन्या बुलेटचा स्विच सापडत नाही.

उजवीकडे शोधत असाल. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे, त्यामुळे स्विचही डावीकडे.

एकट्याने लाइट तपासायचा कसा? दर वेळी मागे उभं राहायला कुणाला बोलावायचं?

संध्याकाळी गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून लावा आणि पेडल दाबा, भिंतीवरचा लाल उजेड वाढताना आरशात दिसतो. सिग्नलला मागे स्वच्छ धुतलेली कार उभी असेल तर तिच्या बॉनेटवरही दिसतो. दिवसा, एकटे असाल, तर मोबाइल व्हिडिओवर ठेवून मागे विटेला टेकवा. तपासताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. दोन्ही एकदम दाबले की एक स्विच मेलेला असूनही लाइट लागतो आणि तुम्ही निर्धास्त राहता.